अक्षर लागलं नाही तिथे ठिपके : मोडी शिकणाऱ्या एका दुकानदार बाईचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्यातली पहिली चूक माझीच होती. नावं बदलण्यापेक्षा मी ती गाळतो. शिकणाऱ्या बाईंना गावात सगळे ताई म्हणतात आणि शिकवणाऱ्यांना अण्णा, तेच इथे चालू ठेवतो. मी हायस्कुलातून निवृत्त झालेला मास्तर. ताई माझी जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे तिच्याबद्दल एकेरीतच लिहिणार.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. तहसील कचेरीसमोर ताईचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, सातबाऱ्याच्या प्रती, परीक्षेचे ऑनलाइन फॉर्म अशी कामं. शिक्षण बारावी, मराठी टायपिंगची परीक्षा पास, वय तेव्हा छत्तीस.

२०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरता असलेला तो शोध पुढे राज्यभर सुरू झाला. ज्या रेकॉर्ड रूममध्ये वर्षानुवर्षं कोणी फिरकत नव्हतं, तिथल्या कपाटांना अचानक किंमत आली. लोक कोतवाल बुकाच्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ च्या नकला घेऊन दुकानात येऊ लागले. कोणाकडे जुन्या हक्क नोंदीचं पान, कोणाकडे माळ्यावर सापडलेला वाटणीचा कागद. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ताई, यात काय लिहिलंय?" कागद मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीत. पंजोबांच्या हातचं अक्षर, आणि घरात ते वाचणारं कोणी उरलेलं नाही.

ताईने दुकान मावशीच्या मुलावर सोपवून मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला. परीक्षा चांगली गेली, प्रमाणपत्र मिळालं. ते तिने फ्रेम करून झेरॉक्स मशीनच्या वरती टांगलं.

अडचण

फ्रेम टांगल्याच्या दुसऱ्याच दिवशी एकाने १९०० च्या आसपासच्या कोतवाल बुकाचं पान पुढे ठेवलं. ताईला त्यात गावाचं नाव आणि दोन आकडे एवढंच वाचता आलं.

ज्यांनी मोडी फक्त पाटीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत जातो, हात शक्यतो न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. काना देताना फाटा खालून वळून पुन्हा वरच्या रेघेला येतो, त्यामुळे समोर दिसतंय तो आधीच्या अक्षराचा काना की पुढच्या अक्षराची सुरुवात, हे नवख्याला कळत नाही. त्यावर संक्षेप. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'क॥' म्हणजे कसबे. अक्षरामागे आलेल्या दोन उभ्या रेघा म्हणजे शब्द तोडलाय, आणि त्याच दोन रेघा रकमेत आल्या तर अर्धा रुपया. वर्गात शिकवतात तो मोडीचा कित्ता, स्वच्छ आणि सुटा. कागदावर असते ती पगार कमी आणि काम जास्त असलेल्या कारकुनाची घसीट. छापील हिशेबाचं पुस्तक पाठ करून आठवडी बाजारात उभं राहावं, तसं ताईचं झालं.

वर्ग वाईट नव्हता. दहा दिवसांत जेवढं देता येतं तेवढं त्याने दिलं होतं. पुढचं शिकायचं तर रोज कागद वाचणारा माणूस हवा होता, आणि असा माणूस आमच्या ओळखीत एकच होता.

पहिली भेट

अण्णा साताऱ्यात राहतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. चाळीसेक वर्षं मोडी वाचण्यात गेलेली. कोर्टकज्जे, देवस्थानांचे कागद, घराण्यांची दफ्तरं. शिकवणं त्यांनी बंद केलं होतं, आणि तसं ते फोनवरच सांगून टाकत. कारण मला माहीत होतं. लोक यायचे, दोन आठवडे बसायचे आणि 'अमक्यांच्या हाताखाली शिकलो' असं सांगत स्वतःचे वर्ग काढायचे.

तरी मी ताईला चिठ्ठी दिली. मास्तरकीची सवय, चिठ्ठीत काय लिहायचं ते हातालाच ठाऊक: हुशार, कष्टाळू, शिकण्याची विलक्षण आवड. शिवाय तिला सल्ला दिला की रिकाम्या हाताने जाऊ नकोस, काहीतरी वाचून ने. माझ्याकडे एका पाटील घराण्याच्या इनामाच्या सनदेची झेरॉक्स होती. एकोणीस ओळींची. ती दिली.

ताईने ती पंधरा दिवस लावली. पुस्तकं उघडून, इंटरनेटवरचे नमुने शेजारी धरून, पूर्ण एकोणीस ओळी. मग दुकानातच टाइप केलं, मथळा मध्यात घेतला, भोवती नक्षीची चौकट टाकली आणि पान लॅमिनेट केलं. २०२४ च्या जानेवारीत एका रविवारी ती साताऱ्याला गेली.

पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं, पण जुळणारं. अण्णांनी चिठ्ठी वाचून पानाच्या डब्याखाली सरकवली. मग लॅमिनेट केलेलं पान घेतलं आणि पहिल्या ओळींतल्या सनाशी थांबले.

"सन तुम्ही काय वाचलात?"

"खमस सबैन मया व अलफ. म्हणजे अकराशे पंच्याहत्तर."

"इसवी सन?"

"त्यात पाचशे नव्याण्णव मिळवायचे. सतराशे चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर."

"शिक्का पाहिलात?"

"झेरॉक्समध्ये काळा आलाय."

"काळा आलाय, पण बाळबोध आहे, आपली नेहमीची देवनागरी. त्याला मोडी यावं लागत नाही." अण्णांनी झेरॉक्स उजेडाकडे धरली. "माधवराव बल्लाळ. म्हणजे थोरले माधवराव. ते थेऊरला वारले सतराशे बहात्तरच्या नोव्हेंबरात. तुम्ही त्यांना वारून दीड वर्ष उलटल्यावर सनद द्यायला लावलीत."

शब्द होता 'सितैन', साठ. ताईने वाचला 'सबैन', सत्तर. तिला तिथे खरं तर काहीच लागलं नव्हतं. पहिलं अक्षर स असावं असं वाटलं, पाठ केलेल्या यादीतला स वरून सुरू होणारा एक शब्द तिने तिथे बसवला. जुन्या मराठी कागदांत वर्ष शुहूर सनात लिहीत, आणि त्याचे आकडे अरबी: अहद, इसन्ने, सल्लास, अर्बा, खमस… दशकांत सल्लासीन, सितैन, सबैन, समानीन हे चार शब्द स वरूनच सुरू होतात. चौघांतला एक उचलला, दहा वर्षं चुकली.

अण्णांनी पुढचं पान वाचलंच नाही. चहा दिला, प्रवासाची चौकशी केली, लॅमिनेट केलेलं पान परत दिलं.

एसटीत बसल्यावर तिने मला फोन केला. आवाज रडवेला. "सर, एक शब्द चुकला म्हणून अख्खं पान फेकलं." मलाही तेव्हा अण्णांचा रागच आला. पुढे महिन्याभराने मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "मास्तर, ती सगळं येतंय हे दाखवायला आली होती. चिठ्ठीत तुम्हीही तेच लिहिलंत. तिच्या पानात मी बोट कुठे ठेवायचं? एक जागा रिकामी नाही. एक शब्द चुकलाय हे मला दिसलं, पण बाकीच्यांतले किती वाचलेत आणि किती ठोकून दिलेत हे शोधायचं तर मला पहिल्यापासून सनद लावावी लागली असती. ती मी एकट्याने पाऊण तासात लावतो."

या प्रकरणात गुरू मिळण्याची अडचण होती ती ही. अण्णा रागीट आहेत, किंवा ताईला आवड नव्हती, असं काही नव्हतं.

समोर असलेले मार्ग

त्या आठवड्यात ताई दुकानात वही घेऊन बसली आणि आम्ही दोघांनी चर्चा केली. नाद सोडून द्यावा हा एक विचार. दुकान चालत होतं, मोडीवाचून काही अडत नव्हतं. दुसरा, आणखी एक वर्ग करावा, वरच्या पातळीचा, पुण्यात. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशवे दफ्तर आहे, जाणकारांची उणीव नाही. पण दर आठवड्याला पुणं म्हणजे दुकानाचा एक पूर्ण दिवस आणि येण्याजाण्याचा खर्च. तिसरा, व्हॉट्सॲपच्या मोडीप्रेमी गटांत फोटो टाकून विचारत राहावं. तो तिने करूनही पाहिला. उत्तरं झटपट येत, पण चार जणांची चार, आणि कोणाचं बरोबर हे ठरवायला लागणारी अक्कल तिच्याकडे अजून नव्हती.

चौथा मार्ग अण्णांकडे परत जाण्याचा. मी विरोधात होतो. माझं म्हणणं, एकदा अपमान झाला, पुरे. ताईने मात्र एक गोष्ट धरून ठेवली होती, जी माझ्या लक्षात आली नव्हती: "सर, शिक्का बघायचा असतो हे मला त्या पाच मिनिटांत कळलं. वर्गात दहा दिवसांत कळलं नव्हतं."

तिने परत जायचं ठरवलं. चिठ्ठीशिवाय.

दुसरं पान

तिने तीच सनद पुन्हा घेतली. यावेळी टाइप केली नाही. रेघांच्या वहीत, पेन्सिलीने, एक ओळ सोडून एक. जो शब्द नक्की लागला तोच लिहायचा. बाकी जागी ठिपके. जिथे अर्धवट लागला तिथे समासात मोडी अक्षराचा आकार जसाच्या तसा काढायचा आणि शेजारी आपल्याला काय काय वाटतं ते लिहायचं. पंधरा दिवसांत पूर्ण झालेलं पान आता तीन आठवड्यांनीही अपुरंच होतं. तेवीस ठिकाणी ठिपके.

मला ते पान बघून लाज वाटली, खरं सांगतो. विद्यार्थ्याने रिकाम्या जागा सोडून पेपर द्यावा तसं ते दिसत होतं, आणि मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो की काहीतरी लिहा, रिकामं सोडू नका, अर्धा मार्क तरी मिळेल.

अण्णांनी वही उघडली. खमस सितैन. त्यापुढे समासात बारीक अक्षरात, 'शिक्का मा. बल्लाळ, म्हणून सबैन नाही'. मग पाचव्या ओळीतल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"इथे काय?"

"अक्षर लागलं नाही, अण्णा. पहिलं स वाटतंय किंवा म. दोन्ही घालून पाहिले, वाक्य बसत नाही."

अण्णा म्हणाले, "बैस."

गेल्या खेपेला ते तिला 'बसा' म्हणाले होते.

तेवीसपैकी चार ठिपके त्यांनी त्या दिवशी भरले. बाकीचे भरले नाहीत, आणि का नाही तेही सांगितलं. याच लेखकाच्या हातचे आणखी तीन कागद त्यांच्याकडे होते. एका हाताचा माणूस तोच शब्द दुसरीकडे सावकाश लिहितो, पानाच्या सुरुवातीला, हात ताजा असताना. तिथे तो स्वच्छ सापडतो. ते तीन कागद घेऊन जा आणि ठिपक्यातले शब्द त्यांत शोध, असं सांगून त्यांनी झेरॉक्स काढायला मूळ कागद तिच्या हातात दिले. दफ्तरातला कागद घराबाहेर न देणारा माणूस. त्यांच्या सूनबाई बघतच राहिल्या, असं नंतर कळलं.

पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा अकरा ठिपके उरले होते.

कित्त्याचे सहा आठवडे

यानंतर सगळं सुरळीत झालं असं वाटेल, पण अण्णांनी पुढचे सहा आठवडे तिला एकही नवा कागद दिला नाही. फक्त कित्ता. रोज दोन पानं मोडी लिहायची. आधी पूर्ण आडवी रेघ, मग अक्षरं, टाकाने, हात न उचलता. दुकानातल्या वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर ती लिहीत बसे. गिऱ्हाईक विचारत, ताई पोरगं पहिलीत घातलं काय?

इथे निर्णयाची जागा होती. तिला वाचायचं होतं, लिहायचं नव्हतं. उद्या कोणी मोडीत अर्ज टाइप करून मागणार नाही. (संगणकासाठी मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली, पण तिचा उपयोग अभ्यासकांना.) मी म्हटलं, विचार त्यांना. तिने विचारलं. उत्तर आलं, "महिन्याने तूच मला सांगशील."

गुरूने सांगितलेली प्रत्येक विक्षिप्त गोष्ट मुकाट करावी, असं माझं मत नाही. त्या पद्धतीने आयुष्यं वाया गेलेली मी पाहिली आहेत. इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. अण्णा प्रत्येक पान तिच्यासमोर तपासत, लाल पेन्सिलीने, रविवारचा तासभर घालवून. ज्याला नुसतं राबवून घ्यायचं असतं तो एवढं करत नाही. आणि मुदत होती, महिना. महिन्याने काहीच कळलं नसतं तर ती सोडायला मोकळी होती.

पाचव्या आठवड्यात तिने दुकानात मला एक पान दाखवलं. कोतवाल बुकाचंच, पहिल्या दिवशी तिला हरवणारं. "सर, हा कारकून काना देऊन परत रेघेवर जातो ना, तिथे त्याचा टाक अडखळतो. शाई जाड होते. जाड दिसली की काना संपला, पुढचं अक्षर सुरू." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचाही टाक तिथेच अडखळत होता.

'कोम'

मे महिन्यात ताईने पैसे घेऊन कागद वाचून द्यायला सुरुवात केली. अण्णांना न विचारता. दुकान आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि दर रविवारचं साताऱ्याचं भाडं कुठून तरी निघायला हवं. मीही म्हटलं, हरकत काय? इंग्रजी अमदानीतले गावचे कागद तिला बऱ्यापैकी लागत होते.

एका वाटणीच्या दाव्यात एका वकिलांनी जुन्या नोंदीचं लिप्यंतर मागितलं. त्यात ओळ होती, 'राधी कोम बाळाजी'. ताईने अक्षरं बरोबर वाचली. पण 'कोम' हा शब्द तिला माहीत नव्हता. तिने तो 'कौम' समजला, म्हणजे जात-जमात, आणि लिहून दिलं: 'राधी, कौम बाळाजी (जातीचा उल्लेख अस्पष्ट)'. पूर्वीच्या कागदांत बिन म्हणजे मुलगा, तसं कोम म्हणजे बायको. राधी ही बाळाजीची बायको होती, हे सिद्ध करण्यासाठीच तर वकील तो कागद शोधत आले होते. लिप्यंतर वाचून त्यांनी तो निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवला. नशिबाने मूळ प्रत त्यांनी दुसऱ्या एका वाचकालाही दाखवली. तो अण्णांच्या ओळखीचा. त्याने फोन केला, हसत हसत.

रविवारी अण्णांनी विचारलं, "राधी कोम बाळाजी तुझं काम?"

ताई हो म्हणाली. ती मला म्हणाली की तेव्हा सांगता आलं असतं, टायपिंगची चूक आहे. सुचलंही होतं.

"अशी आणखी किती दिलीस?"

"मोजली नाहीत."

"मोजून ये."

तीन रविवार ती गेली नाही. दुकानाच्या संगणकातून काढून तिने यादी केली: एकतीस पानं, कोणाला दिली, कशासाठी, किती पैसे घेतले. मूळ झेरॉक्स आणि तिने दिलेलं लिप्यंतर, जोड्या लावून. चौथ्या रविवारी ते सगळं घेऊन साताऱ्याला गेली आणि अण्णांच्या समोर ठेवलं.

पुढचे चार रविवार त्या एकतीस पानांत गेले. नऊ पानांत चुका निघाल्या, त्यांतल्या दोन गंभीर. ताईने नऊही जणांना फोन करून दुरुस्त प्रती दिल्या, दोघांचे पैसे परत केले. एकाने पैसे घेऊन वर शिव्याही दिल्या.

माझ्या मते अण्णा तिचे गुरू झाले ते या चार रविवारांत. 'बैस' म्हणाले त्या दिवशी दार उघडलं होतं, एवढंच. एकतीस पानांत त्यांना तिच्या चुकांची जात दिसली: अक्षर चुकत नव्हतं, शब्द चुकत होते. दस्तऐवजांतली फारसी-अरबी परिभाषा तिच्याकडे नव्हती. तिथून त्यांनी शिकवण्याचा क्रमच बदलला. अक्षरं बंद, शब्द सुरू. चंद्रमहिने मोहरमपासून जिल्हेजपर्यंत पाठ. तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र. फसली, म्हणजे महसुली सनात पाचशे नव्वद मिळवायचे, शुहूरमध्ये पाचशे नव्याण्णव, पण दोन्ही सनांचं वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे जानेवारी ते मृग या काळातल्या कागदाला आणखी एक. ही शेवटची गोष्ट ताईला पहिल्या भेटीच्या दिवशीही येत होती, पण नुसती पाठ. आता कागदात पेरणीचा उल्लेख आला की ती आधी महिना बघते.

सध्याची स्थिती

दोन वर्षं होत आली. १८८० ते १९४० च्या दरम्यानचे गावपातळीवरचे कागद ताई एकटी वाचते. पेशवाईतले कागद अजून ठिपक्यांसह. तिने दुकानातून दिलेल्या प्रत्येक लिप्यंतराच्या तळाला एक ओळ छापलेली असते: 'ठिपके म्हणजे अक्षर लागले नाही.' यामुळे गिऱ्हाईकं गेली, हे ती लपवत नाही. विशेषतः ज्यांना एखादा अस्पष्ट शब्द आपल्याला हवा तसाच वाचून हवा असतो, ते दुसरीकडे जातात. वकील मात्र वाढले. तो राधीचा वकील सगळ्यात आधी परत आला.

प्रमाणपत्राची फ्रेम अजून झेरॉक्स मशीनवर आहे. मी एकदा म्हटलं, काढून टाक की. ती म्हणाली, "का? दहा दिवस मन लावून शिकलेच होते."

अण्णा तिला शिष्या वगैरे काही म्हणत नाहीत. पाहुण्यांना ओळख करून देताना 'ही रविवारी येते' म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बारीक अक्षर दिसत नाही. त्यामुळे जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून त्यांवरच्या चिठ्ठ्या वाचणं, फोनने फोटो घेणं आणि त्यांच्या संक्षेपांच्या वह्यांची सूची करणं ही कामं हळूहळू ताईकडे आली. कधी ठरवून नाही. सुरुवातीपासून 'मी तुमची ही कामं करीन, तुम्ही मला शिकवा' असा सौदा तिने मांडला असता तर अण्णांनी नकार दिला असता, असं मला वाटतं. पण याबाबत माझा अंदाज पूर्वीही चुकलेला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

माझी चिठ्ठी. शिफारस द्यायचीच होती तर 'हिला अमुक येतं, अमुक येत नाही, इथे अडली आहे' अशी द्यायला हवी होती. आता मी तशीच देतो, आणि ज्यांच्यासाठी देतो ते नाराज होतात.

पैसे घेऊन काम करण्याची घाई. न घेणं ताईला परवडणारं नव्हतं, हे मान्य. पण मे महिन्यातच अण्णांना 'मी कोणत्या प्रकारचे कागद घेऊ, कोणते नको' असं विचारता आलं असतं. तिने विचारलं नाही कारण ते 'एकही नको' म्हणतील अशी भीती होती. अण्णांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "कोतवाल बूक घे म्हटलं असतं. कोर्टाचं नको."

एकाच माणसावर विसंबणं ही अजून न सुटलेली गोष्ट आहे. मोडी लिहिण्याच्या धाटण्या, म्हणजे वळणं, वेगवेगळी. चिटणीसी वळण अण्णांच्या हातचा मळ, पण बिवलकरी वळणाच्या कागदाशी तेही अडखळतात, आणि त्या कागदांसाठी ताईने आणखी कोणाकडे जावं हे त्यांना विचारायला तिला संकोच वाटतो. मला वाटतं विचारावं. ती म्हणते, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे, मग.

आणि एक गोष्ट आमच्या तिघांच्याही लक्षात आली नाही, वर्षभर. अण्णा शिकवण्याचे पैसे घेत नव्हते आणि ताई 'गुरूला पैसे कसे विचारायचे' म्हणून गप्प होती. पण दर रविवारी दोनदा चहा आणि दुपारचं जेवण कोण करत होतं? अण्णांच्या सूनबाई, ज्या सोमवार ते शनिवार नोकरी करतात. त्यांचा रविवार गेला, त्याचा हिशेब कोणीच धरला नव्हता. त्यांनीच एकदा ताईला स्वयंपाकघरात हसत हसत सांगितलं, म्हणून कळलं. गेल्या दिवाळीपासून ताई स्वतःचा डबा नेते, अण्णांसाठी भाकरी जास्त घालून, आणि सूनबाई रविवारी दहा वाजता मैत्रिणींबरोबर बाहेर पडतात.